रंकाळ्याकाठचा चितारी

शाळेत असताना एलिमेंटरीची परीक्षा दिलेला माणूस महाराष्ट्रात घरटी एक तरी सापडतो. त्या परीक्षेचा हॉल आठवून पाहा. मधोमध एक स्टूल, त्यावर चुण्या पडलेलं कापड, कापडावर तांब्याचा गडवा, त्याला टेकून दोन वांगी आणि एखादा कांदा. भोवती अर्धगोल करून, ड्रॉइंग बोर्ड मांडीवर घेऊन बसलेली पोरं. एक डोळा मिटून, पेन्सिल हातभर लांब धरून गडव्याची उंची मोजताहेत. या पेपरला वस्तुचित्र म्हणतात. कुणी स्थिरचित्रही म्हणतं.

मी आठवीत असताना, १९८३ साली, वाशीमला या परीक्षेला बसलो. तेव्हा मला एकच प्रश्न पडायचा. ज्याच्यातून रोज पाणी पितो तो गडवा काढायचा कशाला? आणि तो काढता येण्याला सरकार प्रमाणपत्र का देतं?

उत्तर मिळायला बरीच वर्षं गेली. ते उत्तर राणी व्हिक्टोरियाच्या लंडनमधून निघतं, मुंबईवरून कोल्हापूरला येतं आणि आबालाल रहिमान नावाच्या एका चितार्‍याच्या आयुष्याला जाऊन मिळतं. आज त्या चितार्‍याविषयी सांगायचं आहे.

आधी लंडनकडे पाहू. १८५१ साली तिथे जगातलं पहिलं मोठं आंतरराष्ट्रीय औद्योगिक प्रदर्शन भरलं. कारखान्यात बनलेला इंग्रजी माल नक्षीकामात आणि घडणीत कमी पडतो, आणि हिंदुस्थानातून आलेलं हातमागाचं कापड, धातूची भांडी जास्त देखणी आहेत, हे तिथल्या जाणत्यांच्या लक्षात आलं. मग सरकारने चित्रकलेचं शिक्षण हाती घेतलं. लंडनच्या साउथ केन्सिंग्टन भागातून त्याचा सगळा अभ्यासक्रम ठरू लागला. हेतू कलावंत घडवण्याचा नव्हता. डोळ्याला अचूक पाहायला आणि हाताला अचूक उतरवायला शिकवायचं, म्हणजे कारखान्यांना चांगले नक्षीकार मिळतील, असा तो सरळ हिशेब होता. आधी छापील चित्राची नक्कल करायची. मग लाकडी घन, शंकू, गोल. मग भांडीकुंडी, पानंफुलं. मग प्लॅस्टरचे पुतळे. जिवंत माणूस सगळ्यात शेवटी.

त्याच काळात इंग्लंडच्या घराघरांत वस्तुचित्रांची हौस वाढली होती. व्यापारात पैसा मिळवलेल्या माणसाला दिवाणखान्यात लावायला राजाराणीचं चित्र नको होतं. त्याला द्राक्षांचा घड, पीच, चिनी मातीचं भांडं चालत होतं. विल्यम हेन्री हंट नावाचा एक चित्रकार त्यासाठी प्रसिद्ध होता. १७९० सालचा जन्म, १८६४ला मृत्यू. पाय अधू, त्यामुळे फार हिंडता येत नसे. शेवाळलेला मातीचा उतार, त्यावर पक्ष्याचं घरटं, घरट्यात निळसर अंडी, शेजारी आलुबुखार, असं तो काढायचा. लोकांनी त्याचं नावच ‘घरटेवाला हंट’ पाडलं. कागदावर आधी दाट पांढरा रंग द्यायचा आणि त्यावर ब्रशच्या टोकाने रंगाचे बारीक बारीक ठिपके ठेवत जायचं, ही त्याची पद्धत. जवळून ठिपके दिसतात, दोन पावलं मागे सरकलं की आलुबुखारावरची लव दिसते. हे ठिपके लक्षात ठेवा. पुढे त्यांचं काम आहे.

हाच अभ्यासक्रम मुंबईला आला. सर जमशेटजी जीजीभाईंनी एक लाख रुपये दिले आणि १८५७च्या मार्चमध्ये त्यांच्या नावाची कलाशाळा सुरू झाली. तीच आपली जे. जे. १८६५ साली तिथे लॉकवुड किपलिंग आणि जॉन ग्रिफिथ्स हे दोन शिक्षक आले. किपलिंग यांचा मुलगा रडयार्ड त्याच वर्षी मुंबईत जन्मला आणि पुढे मोठा लेखक झाला. ग्रिफिथ्स मात्र तीस वर्षं मुंबईत राहिले.

ग्रिफिथ्स यांचं नाव आम्हा वाशीमकरांनी तरी विसरू नये. वाशीम म्हणजे जुनं वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी. इथल्या हरिषेण राजाच्या काळात, पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात, अजिंठ्याची कितीतरी लेणी कोरली आणि रंगवली गेली. सोळावं लेणं त्याच्या वराहदेव नावाच्या मंत्र्याने करवून घेतलं. या भिंतींवरच्या चित्रांच्या नकला करायला ग्रिफिथ्स १८७२पासून १८८५पर्यंत विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला जात होते. पेस्तनजी बोमनजी हे पुढे नावाला आलेले चित्रकार त्याच तुकडीतले. त्याआधी रॉबर्ट गिल नावाच्या लष्करी अधिकार्‍याने अजिंठ्यात वर्षानुवर्षं राहून नकला केल्या होत्या. त्यातल्या बहुतेक १८६६च्या डिसेंबरात लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला आग लागली तेव्हा जळाल्या. ग्रिफिथ्स यांनी पाठवलेल्या बर्‍याच नकला १८८५ साली साउथ केन्सिंग्टनच्या आगीत गेल्या. लेण्यांतलं चित्र पंधराशे वर्षं टिकलं आणि त्याची कापडावरची नकल वीस वर्षंही टिकली नाही. चित्र काढायला जेवढे कष्ट लागतात तेवढेच ते जपायलाही लागतात, हे या दोन आगींनी दाखवून दिलं.

आता कोल्हापूर. आबालाल यांचं मूळ नाव अब्दुल अझीझ. जन्म १८६०च्या आसपासचा. वडील अरबी-फारसीचे जाणकार. कुराणशरीफच्या प्रती हाताने लिहिणं आणि त्या सजवणं हे घराण्याचं काम. मुलाच्या कानावर मराठी, उर्दू, फारसी, अरबी अशा भाषा लहानपणापासून पडल्या. हातात मात्र आधी बोरू आला असणार.

हे मी अंदाजाने म्हणत असलो तरी त्याला कारण आहे. माझे वडीलही कातिब होते. वाशीमला एका छापखान्यासाठी लग्नाच्या उर्दू पत्रिका लिहायचे, दुकानांच्या पाट्या रंगवायचे. कंदिलाची काजळी आणि बाभळीचा डिंक खलून शाई करायचे. बोरूला तिरका छेद द्यायचे आणि अलिफ काढताना श्वास रोखून धरायचे. शाईत डिंक का, तर डिंकाशिवाय काजळी कागदाला धरत नाही, बोटाला लागते. पुढे मला कळलं की जलरंगाचंही गुपित हेच. रंगाची बारीक पूड आणि तिला कागदाशी बांधणारा डिंक. लेखणीतून उतरली की शाई, ब्रशमधून उतरला की रंग. तेव्हा कातिबाच्या घरातला मुलगा जलरंगांकडे गेला, तर तो घरापासून फार लांब गेला असं म्हणता येत नाही.

कोल्हापुरात असं सांगतात की आबालाल यांचे वडील तिथल्या एका बड्या इंग्रज अधिकार्‍याच्या पत्नीला भाषा शिकवायला जात. तिने मुलाची चित्रं पाहिली, त्याला रंग दिले आणि मुंबईला पाठवायची खटपट केली. १८८० साली आबालाल जे. जे.त दाखल झाले. कोल्हापूरकडून तिथे शिकायला गेलेले ते पहिलेच. पुढची आठ वर्षं त्यांनी मुंबईत काढली. तेव्हा शाळेत कारभार ग्रिफिथ्स यांचाच होता.

तिथे ते काय शिकले? तेच, जे एलिमेंटरीच्या हॉलमध्ये तुम्ही-आम्ही काही तासांत उरकतो. घन, शंकू, घडा, कापड, पुतळा. पण या साध्या गोष्टींत आपल्याकडच्या चितार्‍याला नवं असं बरंच होतं. गडव्याचं तोंड गोल असतं हे हाताला माहीत असतं, पण समोर बसलेल्या माणसाला ते लंबवर्तुळ दिसतं. आपल्याला जे माहीत आहे ते काढायचं की जे दिसतं ते काढायचं, हा पहिला धडा. दुसरा धडा उजेडाचा. खिडकीकडची बाजू उजळ, मग मधली छटा, मग काळोखी, आणि त्या काळोखीच्या कडेला पुन्हा एक मंद उजेडाची रेघ, कारण खालच्या कापडावरून उजेड परत उसळतो. तिसरा धडा पडछायेचा. आपल्या जुन्या लघुचित्रांत माणसं असतात, हत्ती असतात, झाडाचं पानन्‌पान असतं, पण जमिनीवर सावली बहुधा पडत नाही. त्या चित्रकारांना सावली दिसत नव्हती असं नाही. त्यांना वस्तूचं कायमचं रूप हवं होतं आणि सावली घटकेघटकेला हलते. नव्या शिक्षणाने सांगितलं, हलणारी घटकाच पकडा.

आबालाल यांनी ती पकडली. विद्यार्थी असताना त्यांनी केलेली रेखाटनं शाळेने आपल्या संग्रहासाठी ठेवून घेतली. १८८८ साली त्यांना व्हाइसरॉयचं पदक मिळालं. पदक मिळवून मुंबईत राहिले असते तर काय झालं असतं? त्याच शाळेतले महादेव विश्वनाथ धुरंधर पुढे तिथेच शिक्षक झाले, मोठ्या हुद्द्यावर चढले, रावबहादुर झाले. त्यांची चित्रं घरोघर पोचली. आबालाल मात्र आईच्या ओढीने कोल्हापूरला परतले आणि तिथलेच झाले.

संस्थानातल्या गावात चित्रकाराने जगायचं कशावर, हा प्रश्न तेव्हाही होता. १८९४ साली शाहू महाराज गादीवर आले आणि तो प्रश्न सुटला. महाराजांना गुण पारखायची नजर होती. गाण्यासाठी त्यांनी अल्लादिया खाँसाहेबांना दरबारात ठेवलं. कुस्तीसाठी खासबाग मैदान बांधलं. मुसलमान मुलांनी शिकावं म्हणून १९०६ साली मुस्लिम बोर्डिंग काढलं. आबालाल यांना त्यांनी दरबारी चितारी केलं. सांगतात की महाराज शिकारीला निघाले की आबालाल बरोबर असत आणि हत्ती, घोडे, रान असं जे समोर येईल ते भराभर कागदावर उतरवत.

पण दरबारी कामापेक्षा त्यांना बोलावणं यायचं ते पाण्याचं. पंचगंगेचा घाट, कोटितीर्थ, रंकाळा. रंकाळ्यात संध्यामठ आहे, दगडी खांबांचा. पावसाळ्यात पाणी वाढलं की तो अर्धामुर्धा बुडतो आणि उन्हाळ्यात पुन्हा वर येतो. हा संध्यामठ आबालाल यांच्या चित्रांमुळे किती जणांनी पहिल्यांदा नीट पाहिला असेल! रंग ते स्वतःच तयार करत, रानात हिंडताना माती, दगड, झाडपाला गोळा करत, असंही जुनी माणसं सांगत आली आहेत. कातिबाच्या मुलाला त्यात अवघड काही नव्हतं. गेरू, पिवडी, काजळी आणि डिंक. निम्मी सामग्री घरातलीच.

जलरंग वापरायच्या दोन तर्‍हा असतात. एकात पांढरा रंग मिसळून रंग दाट करायचा, म्हणजे खालचा कागद झाकतो. दुसर्‍यात रंग पाण्यासारखा पातळ ठेवायचा, म्हणजे कागदाचा पांढरेपणा आतून उजेडासारखा चमकतो. ही दुसरी तर्‍हा अवघड, कारण चुकलं तर पुसता येत नाही. उजेड जिथे हवा तिथे कागद कोरा सोडायचा असतो, आणि कुठे सोडायचा हे आधीच ठरलेलं असावं लागतं. आबालाल यांचा हात या पारदर्शक जलरंगांत विलक्षण चालायचा. पुढे पुढे तर ते सलग रंग द्यायचं सोडून रंगाचे छोटे छोटे ठिपके शेजारी शेजारी ठेवू लागले. झाडाचा हिरवा म्हणजे एक हिरवा नव्हे. त्यात पिवळ्याचा, निळ्याचा, जांभळटाचा एकेक ठिपका. जवळून पाहिलं तर नुसती रंगांची दाटी, लांबून पाहिलं तर रंकाळ्यावरची सकाळ.

आता हंटचे ठिपके आठवले ना? १८७४ साली पॅरिसमध्ये काही चित्रकारांनी वेगळं प्रदर्शन भरवलं आणि रंग असे तुकड्यातुकड्यांनी लावायची रीत पुढे जगभर गाजली. म्हणून आबालाल यांच्याविषयी लिहिणारे हटकून पॅरिसचं नाव घेतात. मला वाटतं, त्यासाठी इतक्या लांब जायची गरज नाही. एखादी वस्तू समोर ठेवून तिच्यावरचा उजेड तासन्‌तास पाहायची शिस्त ज्याच्या अंगात मुरली आहे, त्याला केव्हा ना केव्हा कळतंच की रंग वस्तूत नसतो, उजेडात असतो. हंटला ते आलुबुखारावर कळलं, आबालाल यांना पाण्यावर. त्यांनी नाव मिळवलं ते निसर्गचित्रकार म्हणून, वस्तुचित्रकार म्हणून नव्हे. पण संध्यामठाकडे ते ज्या नजरेने पाहतात, ती मला स्टुलावरच्या गडव्याकडे पाहणार्‍या विद्यार्थ्याची नजर वाटते. ऊन कुठून येतंय? सावली कुठे पडलीय? सावलीच्या कडेला उजेडाची रेघ आहे का?

६ मे १९२२ रोजी शाहू महाराज गेले. आबालाल तेव्हा साठीच्या घरात होते. त्यानंतरची गोष्ट कोल्हापुरात आजही हळहळून सांगितली जाते. आपला कदरदान गेला, आता ही चित्रं कुणासाठी, असं म्हणून त्यांनी चित्रांचे गठ्ठेच्या गठ्ठे कोटितीर्थाच्या तळ्यात सोडून दिले.

चित्रांचा आकडा वीस हजारांपर्यंत सांगितला जातो. मी एकदा हिशेब करून पाहिला. जे. जे.तून परतल्यापासून महाराज जाईपर्यंत चौतीस वर्षं. म्हणजे साधारण बारा हजार चारशे दिवस. वीस हजार चित्रं व्हायची तर तीन दिवसांत पाच चित्रं, तीही चौतीस वर्षं अखंड, सणवार आणि आजारपण न धरता. मोठी, पुरी केलेली चित्रं इतकी होणं अशक्य आहे. पण हातभर कागदावरची घाईची रेखाटनं धरली, शिकारीत घोड्यावरून उतरून काढलेले चार फराटे धरले, तर रोज हात चालवणार्‍या माणसाला तेही अगदी अशक्य नाही. आकड्यात लोकांच्या हळहळीची भर पडलेली असेल. पण आपल्या हाती आज जेवढं राहिलं आहे त्याच्या मानाने गेलेलं फार मोठं आहे, एवढं खरं.

आणि पाण्यात गेलेला जलरंग परत मिळत नाही. तैलरंगाचं कापड बुडालं तर निदान काही दिवस तग धरतं. जलरंगातला डिंक पाणी लागताच सुटू लागतो. रंगाची पूड मोकळी होऊन पाण्यात मिसळते. मग कागदही फुगतो, लगदा होतो. ज्या पाण्याने चित्र घडलं त्याच पाण्याने ते सोडवून नेलं.

त्यानंतर नऊ वर्षं आबालाल जगले. १९३१ साली गेले. बाबूराव पेंटरांसारख्या कोल्हापूरच्या पुढच्या पिढीतल्या कलावंतांनी त्यांना गुरुस्थानी मानलं. चित्रपट काढणारे हेच ते बाबूराव. १९२०चा ‘सैरंध्री’ आणि १९२५चा ‘सावकारी पाश’ त्यांचे. कोल्हापूरला लोक कलापूर म्हणतात, त्या नावाच्या पायात आबालाल यांचा दगड आहे. कोल्हापूरच्या टाउन हॉलमधल्या वस्तुसंग्रहालयात त्यांची चित्रं आहेत. कोल्हापूरला महालक्ष्मीच्या दर्शनाला जाल, रंकाळ्यावर भेळ खाल, तेव्हा अर्धा तास काढून तिथेही जा.

मी तिथे पहिल्यांदा गेलो तो एका कविसंमेलनाच्या निमित्ताने. बी. ए.ला मराठी घेतलेलं, मराठीत कविता लिहायला लागून दहा वर्षं झालेली, आणि तोवर आबालाल रहिमान हे नाव मी ऐकलेलं नव्हतं. चित्राखाली ते वाचलं आणि मी तिथून हललोच नाही. बरोबरचे मित्र पुढे निघून गेले. माझ्या डोळ्यांसमोर आमचं वाशीमचं घर आलं होतं.

मघाशी म्हणालो, १९८३ साली मी एलिमेंटरीला बसलो. त्या वर्षी मला चित्रांचं वेडच लागलं होतं. दादी ओसरीवर बसून पान लावायची. एका दुपारी मी तिचं चित्र काढलं. पांढरी ओढणी, वाकलेली मान, हातात अडकित्ता. दादीने ते हातात घेतलं, लांब धरून पाहिलं आणि म्हणाली, “नाक मेरी इत्ती मोटी है क्या रे?” आणि खूप हसली. मी ते खोलीत भिंतीला लावलं.

दुसर्‍या दिवशी नात्यातले एक बुजुर्ग आले. चांगले होते, आमच्यावर माया करणारे होते. म्हणाले, ज्या घरात नमाज होते तिथे जिवंत माणसाची तसवीर लावू नये. अब्बा काही बोलले नाहीत. बुजुर्ग गेल्यावर मी ते चित्र भिंतीवरून काढलं आणि चुलीत घातलं. मला कुणी जाळायला सांगितलं नव्हतं. मीच जाळलं.

रात्री अब्बा शेजारी येऊन बसले. म्हणाले, “लोटा बना. लोटे में कौन-सी जान है?” त्यांना काय म्हणायचं होतं ते मला पुढे कळलं. इब्न अब्बास यांची एक रिवायत आहे. चित्रांवर पोट भरणारा एक माणूस त्यांच्याकडे आला, तेव्हा त्यांनी त्याला झाडं आणि ज्यात रूह नाही अशा वस्तू काढायला सांगितलं. तसवीर या विषयावर मुसलमानांत मतं अनेक आहेत. जहांगीरच्या दरबारात उस्ताद मन्सूर पक्षी काढत होते, फुलं काढत होते. दख्खनच्या सुलतानांनी स्वतःच्या तसबिरी करून घेतल्या. आमच्या घरात मात्र अब्बांनी त्या रात्री मधली वाट शोधली. बुजुर्गांचा शब्द मोडला नाही आणि माझा हातही थांबू दिला नाही. दुसर्‍या दिवशी त्यांनी स्वतः स्टूल मांडलं. त्यावर दादीचं पितळी पानदान ठेवलं, शेजारी अडकित्ता आणि दोन सुपार्‍या. खिडकीची एक फळी लावून घेतली, म्हणजे उजेड एकाच बाजूने येईल. मी तीन रविवार तेच काढत होतो. परीक्षेत मला ब श्रेणी मिळाली.

१९८६ साली दादी गेली. तिचा फोटो नाही. त्या काळी आमच्याकडे म्हातार्‍या बायकांचे फोटो कोण काढत होतं? तिचा चेहरा आता आठवायला गेलं की नाक आणि हसणं आठवतं, बाकीचं धूसर होतं. पण त्या तीन रविवारांपैकी एका रविवारचा कागद माझ्या पेटीत आहे. पानदानाच्या झाकणाला एक पोचा आहे, कडीजवळ. तो मी नीट काढला आहे. अडकित्त्याच्या दांड्यावर जिथे तिचा अंगठा टेकायचा तिथे पितळ गुळगुळीत होऊन चमकायचं. तिथे मी कागद कोरा सोडला आहे. तेवढा एक पांढरा ठिपका पाहिला की मला तिचा हात दिसतो.

वस्तू का काढायची, याचं मला मिळालेलं उत्तर हे असं आहे. व्हिक्टोरियाच्या सरकारला नक्षीकार हवे होते, म्हणून त्यांनी मुलांपुढे गडवा ठेवला. ते सरकार गेलं, गडवा राहिला. वापरातल्या वस्तूवर माणसाची खूण उमटलेली असते आणि नीट पाहिलं तर ती कागदावर उतरते.

टाउन हॉलमध्ये मी उभा होतो तेव्हा मनात एकच गोष्ट घोळत होती. हे नाव मला आठवीत असताना कुणी सांगितलं असतं तर? कुराणशरीफ लिहिणार्‍या घरातला एक मुलगा मुंबईला जाऊन चित्रं शिकला, पदक घेऊन आला, राजाने त्याला मान दिला, हे त्या संध्याकाळी मला ठाऊक असतं, तर दादीचं चित्र मी चुलीत घातलं नसतं असं छातीठोक सांगता येणार नाही. पण घालण्याआधी थांबलो असतो. कदाचित पेटीच्या तळाशी, कपड्यांखाली ठेवलं असतं. आबालाल यांच्या हातूनही दुःखात चित्रं गेली, आणि माझ्याही हातून एक गेलं. मोठ्या माणसाशी बरोबरी करायची म्हणून हे सांगत नाही. पाणी काय, आग काय, गेलेला कागद परत येत नाही, एवढंच दोघांना सारखं.

माझ्या भावाची नात यंदा एलिमेंटरीला बसते आहे. मागच्या महिन्यात तिला सरावाला वस्तू हव्या होत्या, तेव्हा मी तेच पानदान काढून दिलं. तिने ते चिंचेने लख्ख घासून आणलं. मी जरा हिरमुसलो, पण पोचा तसाच होता. चित्र झाल्यावर तिने विचारलं, “दादा, आता तुमचं काढू?” मी खुर्ची खिडकीशी ओढली आणि बसलो. नाक तिने बरंच मोठं काढलं आहे. कागदाच्या मागे मी तिचं नाव आणि तारीख लिहिली आणि तो पेटीत ठेवून दिला.

तुमच्याही घरात कुणाच्या तरी हातचा असा एखादा कागद असेल. माळ्यावर, पेटीत, जुन्या वहीत. तो शोधा. मागे नाव आणि साल लिहा. आणि ओल लागणार नाही, अशा जागी ठेवा.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)